गोजाबाईचं कडं

या, अशा जवळ सरका. बुवांचा चहा व्हायचाय अजून, काल्याच्या कीर्तनाला अवकाश आहे. तोवर आपल्या जव्हारचीच एक गोष्ट सांगतो. टाळ तेवढे खाली ठेवा. हिच्यात एक बारीक आवाज आहे, तो ऐकू यायला हवा.

संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या एक-दोन सालांतली ही गोष्ट. हरिभाऊ संस्थानच्या कोठारावर कारकून होते. काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली, तेव्हा सुनेच्या, म्हणजे वनमालाबाईंच्या हाताखाली वांगणीची गोजाबाई आली. म्हाताऱ्याला भरवून घेणं खपायचं नाही. मग गोजाबाई हातातलं कथलाचं कडं ताटाच्या काठावर वाजवायची. जिथं टिंग, तिथं घास. डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी.

"गोजे, भाजीत मीठ नाही, ते का नाही वाजवलंस?"

"त्ये बायला इचारा, बाबा. रांधनारी ती."

श्रावणात देवळात सप्ताह बसला. त्याच सकाळी गोजाबाई उंबऱ्याशी उभी राहिली.

"बाय, मना घरा जाऊं दे. आय एकली हाय. तिला बी दिसत नाय. ताटात कुठं काय हाय, कोन सांगल?"

वनमालाबाईंना कीर्तनाचं भारी वेड. वर्षभर घरात कोंडलेल्या जिवाला तेवढाच विसावा. "काल्यापर्यंत थांब गं. मामंजींना कुणाच्या भरवशावर सोडू? काला झाला की जा."

गोजाबाई थांबली. काल्याच्या दुपारी आईसाठी प्रसाद पदरात बांधून निघाली. वांगणीच्या वाटेवरचा ओहोळ दुथडी भरला होता.

तिचा भाऊ नवसू मजुरीवरून परतला, तो सांगायला आला. अंगणातच उभा राहिला, बसला नाही.

"व्हळानं नेली तिला. आय तर आदल्याच दिशी गेली, बाय. ताट फुड्यात व्हतं. भात तसाच."

वनमालाबाईंनी मामंजींना कळू दिलं नाही. हरिभाऊंनी मात्र ताट दूर सरकवायला सुरुवात केली. "गोजा कुठाय?" एकच प्रश्न. पोट खपाटीला गेलं. शेवटी वनमालाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "आहे की. उंबऱ्याशी बसलीय." आणि त्यांनी आपल्या बांगडीनं काठ वाजवला.

"तू नको वाजवूस. बसलीय ना ती? मग तिलाच वाजवू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजींपुढे ताट ठेवून त्या चुलीशी भाकरी थापत होत्या. दोन्ही हात पिठात. मागे ओटीवर आवाज झाला.

टिंग.

हरिभाऊ जेवत होते. भाजी, चटणी, पुन्हा भाजी. बोट कुठं अडखळत नव्हतं. उंबऱ्याजवळची सारवलेली जमीन ओली होती. गाळाचा वास येत होता.

"मामंजी, कोण आहे?"

"कोण म्हणजे? तूच म्हणालीस ना, बसलीय." ते चावता चावता थांबले. "घरी जात का नाहीस, विचारलं तिला. म्हणते, बाय सांगल तवा."

जा. एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंसुद्धा.

पण मामंजी किती दिवसांनी पोटभर जेवत होते.

वनमालाबाईंनी पदरानं जमीन पुसली.

हरिभाऊ पुढे सुखानं गेले. तेरावं झाल्यावर वनमालाबाई उंबऱ्याशी बसून म्हणाल्या, "जा बाई, घरी जा." घसा बसेपर्यंत म्हणाल्या. दुपारी जमीन ओलीच.

त्या बघा वनमालाबाई, खांबाशी बसल्यात. आता त्यांनाही दिसत नाही. काल्यासाठी घरून पितळी वाटी आणतात. ती त्यांच्या हातात देऊ नका, नुसती समोर ठेवा आणि क्षणभर गप्प राहा. त्यांना सापडते.

एकटीच्या सांगण्यानं झालं नाही. सगळ्यांनी सांगितलं तर कदाचित होईल. म्हणून आज काल्याचा पहिला घास उचलाल, तेव्हा गोजाबाईची आठवण काढा. मनात म्हणा, जा बाई, आय ताटावर बसून आहे.