नको असेल तर सांगा

ओल्या रंगात पाय पडला तेव्हा गोळीवाला शीळ घालत होता.

"अहो, थांबा! पाय—"

पण दवाखान्याच्या खिडकीवर गोळ्या देणारा हा पठ्ठ्या थांबणाऱ्यातला नव्हता. तिनं सकाळी गुडघे टेकून रंगवलेली हिरवी पावलं दारापासून रक्तदाब तपासायच्या खोलीकडे चालली होती. त्याच्या बुटांचे ठसे मात्र मधूनच वाट सोडून थेट त्याच्या खिडकीकडे गेले. तेही हिरवे.

त्यानं बुटाचा तळ वर करून पाहिला. "हे काय, चित्रकला?"

"अर्थशास्त्र."

"हिरवं?"

"माणूस असा का वागतो, आणि सरकारनं त्याच्यावर न खेकसता त्याला वाट कशी दाखवावी, ते शिकतेय मी. म्हणजे शिकत होते… तुमचे बूट येईपर्यंत."

"पुसून देऊ?"

"हात लावू नका! पाय तर मुळीच लावू नका!"

तो हसला. हसताना त्याची मान एका बाजूला कलायची. ते तिला दिसलं, आणि दिसलं याचाच राग आला.

राग तिच्या नाकावरच असायचा. का नसावा? आरोग्य खात्याच्या साहेबांनी फर्मान काढलं होतं: दोनदा रक्तदाबाची तपासणी चुकवली की गोळ्या बंद. का, तर लोक आळशी! माणसाला आळशी म्हणायला अक्कल लागत नाही, म्हणून साहेबलोक सढळ हातानं म्हणतात. तिची आई अशीच 'आळशी'. भर रांगेत कुणीतरी तिला झापलं आणि ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही. एके सकाळी अर्धं अंग गेलं. तेव्हापासून आईचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो. तिनं भांडून साहेबांकडून महिना मागून घेतला होता. तेवढ्यात लोक तपासणीला आले, तर फर्मान मागे.

दार उघडलं. लोक हिरव्या पावलांवरून चालू लागले आणि मध्येच वळून सगळे गोळीवाल्याच्या खिडकीशी! खोलीत सिस्टर एकट्या जांभया देत बसल्या.

"वाट लावलीत माझ्या प्रयोगाची!"

"लोक माझ्या पावलावर पाऊल टाकतात, त्याला मी काय करू? व्यक्तिमत्त्वच असं—"

"व्यक्तिमत्त्व कसलं? बूट!"

पण तिचे डोळे भरलेले त्यानं पाहिले. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तो टर्पेंटाइनचं फडकं घेऊन फरशी घासत होता. शीळ नाही, काही नाही. आपला एकेक ठसा त्यानं पुसून काढला.

आणि तरीही लोक खिडकीशीच गेले!

ती बघत राहिली. म्हणजे दोष बुटांचा नव्हताच. गोळ्या हातात पडल्या की माणसाच्या मनात काम संपलेलं असतं. मग लांबच्या खोलीत बोलणी खायला कोण मुद्दाम जाईल?

"सरका!" तिनं तपासणीची खुर्ची फरफटत आणून खिडकीला टेकवली.

"इतक्या जवळ?"

"खुर्ची. मी नाही."

"अरेरे… उगाच भांग पाडून आलो."

सिस्टरही खिडकीशी आल्या. वर पाटी लागली: 'गोळ्या काढेपर्यंत तपासणी होईल. नको असेल तर सांगा.' आधी तपासणी मागावी लागायची, आता नकार द्यावा लागणार होता. आणि तेवढ्यासाठी तोंड कोण उघडतंय? लोक बसले, बाह्या वर झाल्या.

"आज गोळ्या सापडतच नाहीत हो, काकू," तो मुद्दाम रेंगाळायचा. काकू आरामात हात पुढे करायच्या. त्यांच्या डोक्यावरून तो तिच्याकडे बघायचा… ती पाटीकडे बघायची. दिवसागणिक पाटी वाचायला तिला जास्तच वेळ लागू लागला. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

महिनाअखेरीस साहेब आले. रांग बघून भुवया चढल्या. "हे लोक तेच?"

"तेच आळशी, साहेब."

साहेब खाकरले. फर्मान मागे घेतलं. सगळ्या दवाखान्यांत खिडकीशी खुर्ची ठेवा म्हणाले. "तशी माझ्याही डोक्यात होतीच ही कल्पना."

"नव्हती, साहेब."

सिस्टर तोंडाला पदर… नाही, सरळ पोट धरून हसल्या. साहेब निघून गेले.

तिनं गोळीवाल्याला खिडकीमागून ओढून खुर्चीत बसवलं. "सिस्टर, याचाही दाब बघा." पट्टा आवळला गेला.

"मला काय झालंय?"

"रविवारी आईला भेटायला यायचंय. माझा नवरा कोण होणार, ते तिला बघायचंय." तिनं पाटीकडे बोट केलं. "नको असेल तर सांग."

दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा तो… ओठ घट्ट मिटून बसला. मान तेवढी एका बाजूला कलली.

सिस्टरनी काट्याकडे पाहिलं आणि ओरडल्या, "अगं बाई, याचा दाब बघ कुठं चाललाय!"