खांद्याचा उतार

दुसऱ्याचं शिवलेलं आपल्या नावानं खपवणाऱ्याला काकू माणसात धरत नसत. असा प्राणी त्यांच्याच घरात निघावा, ही तर हद्द झाली.

काकूंचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. गल्लीतल्या चोऱ्यामाऱ्यांचा छडाही तिथेच लागे, हातातली कात्री खाली न ठेवता. आज फिर्यादी म्हणून सूनच उभी होती.

"आई, कपड्यांचे कागदी नमुने काढणारं ते फुकट सॉफ्टवेअर आहे ना, त्याचा कोड सगळ्यांना खुला असतो. कुणीही सुधारणा पाठवायची, सांभाळणारे तपासून घेतात. ते एक खांदा मोजून दुसराही तसाच धरतं. तीन महिने खपून मी ते दुरुस्त केलं. आज पाठवलं, तर म्हणतात, हे कालच आलंय, नक्कल करू नका. पाठवणाऱ्याचं नुसतं टोपणनाव. उद्यापर्यंत खुलासा दिला नाही, तर मला कायमचं दार बंद."

"लिहून ठेवलं होतंस कुठे?"

"दुकानातल्या कॉम्प्युटरवर. तो आमचे हे वापरतात, वरची भाडेकरू वापरते आणि वन्संचे मिस्टर."

वन्संचे मिस्टर, म्हणजे जावई, 'नोकरी बदलतोय' म्हणत दीड महिना मुक्काम ठोकून होते.

"तुझ्यात नि त्याच्यात फरक काही?"

"एकच. तपासणीसाठी मी मामांची मापं दिली होती. खांद्याचा उतार डावा अडीच इंच, उजवा दोन. त्यात दोन्हीकडे दोन."

"टायपिंगची चूक असेल," मामा म्हणाले. हा काकूंचा धाकटा भाऊ. तीस वर्षं टपालाची थैली वाहिली, पण डोक्यावर कधी ओझं घेतलं नाही.

काकूंनी मामांना मधोमध उभं केलं. मग तिघांना बोलावून एकेकाच्या हाती टेप दिली. "याचा कोट शिवायचाय. खांद्यांचा उतार लिहून दे."

काकूंच्या मुलानं दोन्ही बाजू मोजल्या. भाडेकरूनं टेप उलटी धरली, तरी म्हणाली, "मामा, तुमचा डावा खांदा पडलाय की हो."

जावयांनी उजवा मोजला. दोन्ही रकान्यांत दोन लिहिले.

"आणि डावा?"

"तेवढाच असणार, आई. शिकलेला माणूस एक काम दोनदा करत नाही."

काकूंनी सगळ्यांना बसवलं.

"हे दुरुस्त केलं कशासाठी? माणसाचे दोन खांदे सारखे नसतात म्हणून. नमुन्याला सुनेनं मुद्दाम हा तिरका माणूस निवडला. चोरानं काम उचललं, पण वाचलं नाही. अडीच त्याला चूक वाटली, म्हणून दोन केले. नमुना सरळ झाला आणि तपासायला काही उरलंच नाही. माझ्या मुलाच्या हातून हे होणार नाही, आणि भाडेकरूला निदान डोळे आहेत."

"मग राहिलं कोण?" मामांनी विचारलं.

"अरे, आता तरी डोकं चालव."

जावयांनी खाली बघितलं. "मुलाखतीत दाखवायला काहीतरी हवं होतं. घरातलंच तर होतं."

"जावईबापू, तुम्हाला धड चोरीसुद्धा जमली नाही. उठा, त्या लोकांना आत्ता लिहा, स्वतःच्या खऱ्या नावानं, की काम सुनेचं आहे. आणि माफी तरी स्वतः लिहा. तीही कुठून उचलू नका."