चार वायरींचा पंखा

दुपारी कॉम्प्युटरच्या दुकानाचं शटर ओढत होते, तेवढ्यात तो कॅबिनेट कवटाळून पायऱ्या चढून आला. डोळे असे, की माझा हात शटरवरच राहिला.

"प्रोसेसरचा पंखा हवाय. आवाज न करणारा."

"आणि बाकी सगळे काय, गातात?"

तो हसला... आणि माझी तिथेच वाट लागली.

तो प्रीतम. वेसावे कोळीवाड्यातला, घरी बसून ॲनिमेशनची कामं करणारा. आई सगुणाबाई पहाटे तीनला मासळी आणायला निघते आणि दुपारी झोपते, त्याच एका खोलीत. पंख्याच्या घरघरीने तिला डोळा लागत नव्हता.

"पुण्याची नोकरी आलीय. आजच कळवायचंय," तो म्हणाला. "आवाज थांबला नाही, तर जातो. आईची झोप मोडून नाही कमवायचं मला."

आत्ता भेटलेला मुलगा लगेच पुण्याला? छे, हे चालणार नव्हतं.

मी आत डोकावले. पंखा त्याने स्वतःच जोडला होता — वायर थेट पॉवर सप्लायला.

"सुरू होताना मशीन कुरकुरतं?"

"हो, पंखा सापडत नाही म्हणतं. मी बटण दाबून गप्प करतो."

"ते खरं बोलत होतं रे. थेट वीज दिलीस, म्हणून हा कायम जीव तोडून धावतो. मदरबोर्डवर पंख्याची चार पिनांची जागा आहे. तिथे लावला, की प्रोसेसर तापला तर धावेल, एरवी सावकाश चालेल."

त्याच्या पंख्याला वेग ठरवणारी चौथी वायरच नव्हती, म्हणून मी चार वायरींचा मोठा पंखा काढला. मोठी पाती हळू फिरूनही पुरेशी हवा देतात. उंची मोजली, झाकण बसत होतं.

"इथे रिक्षांच्या गोंगाटात काय कळणार? घरी लावून ऐकू," मी म्हटलं. खरं तर इथेही कळलं असतं.

घरी सगुणाबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. आम्ही कुजबुजतच पंखा बसवला. प्रीतमने मशीनवर सगळ्यात जड काम चालू केलं. दहा मिनिटं झाली... मशीन थंड, आणि खोलीत सगुणाबाईंनी कूस बदलताना वाजलेल्या बांगड्यांचा तेवढा आवाज.

"पुण्याला नको जाऊस," मी हळूच म्हटलं.

"आता कशाला जाईन? पंखा झाला ना शांत."

"पंख्यासाठी नाही. माझ्यासाठी. मला तू आवडतोस."

"आपण... आजच भेटलो ना?"

"चांगला माल मला एकदाच बघावा लागतो."

त्याचे कान लाल झाले. "मला पण तू... म्हणजे, पायऱ्या चढतानाच —"

"जुना पंखा व्हता तवा ह्या कुजबुजना तरी आयकू येत नव्हता," खाटेवरून आवाज आला. सगुणाबाईंनी डोळेही उघडले नव्हते. "पोरी, नाव काय तुजा?"

"प्रांजल."

"बरा हाय. आता दोघा भायेर जाऊन बोला. मना निजू द्या."

आम्ही ओट्यावर आलो. त्याने एका हाताने पुण्याला फोन लावला, दुसऱ्याने माझा हात धरला.

"नाही सर, पगाराचं काही नाही," तो म्हणाला. "इथे... लग्नाचं बघतोय."

मी तर फक्त आवडतोस म्हटलं होतं. तरी हात काही सोडवून घेतला नाही.