अकरा वेळा पुसलेली चित्रफीत

कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, आणि वाटूच नये अशी धैर्यशील सरनोबतांची मनापासून इच्छा होती; पण त्यांनी एकच चित्रफीत अकरा दिवसांत अकरा वेळा पुसली, आणि अकराही वेळा ती संध्याकाळच्या चहापर्यंत ठणठणीत होऊन परत आली. माणूस एकदा गेला की जातो. चित्रफितीला मात्र त्याचा काही पत्ताच नव्हता.

रंकाळ्याच्या काठावर बिनचालकाच्या रिक्षा फिरू लागल्या त्या काळातली ही गोष्ट. काठावरच्या बारा घरांच्या सोसायटीत प्रत्येक घरी, टीव्हीच्या मागे, चपलांच्या खोक्याएवढी एक काळी पेटी होती. तिला घरसाठा म्हणत. घरातली गाणी, सिनेमे, फोटो, लग्नं, बारशी सगळं त्यात. पूर्वी ज्याची पेटी त्याच्यापुरती असे. पेटी मेली की तीस वर्षांचे फोटो तिच्याबरोबर जात आणि घरात सुतक पडल्यासारखं होई. म्हणून मग बाराही पेट्या एकमेकींना जोडल्या गेल्या आणि त्याचं नाव पडलं शेजारसाठा. आता एका घरची चित्रफीत बाराही घरांत वाटून ठेवलेली असे. शेजाऱ्याला त्यातलं अक्षरही कळत नसे, पण तुकडा त्याच्याकडे असे.

धैर्यशीलराव चार नंबरमध्ये राहत. वय शहात्तर, मिशी अजून भरघोस, आवाज तालमीतल्या वस्तादाचा. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. सकाळी अकराला खालच्या हॉलमध्ये सगळी सोसायटी जमणार, आणि मोठ्या पडद्यावर लग्नाचं चित्रण बघणार. तेही साधंसुधं नाही. लग्नाचं शूटिंग केलेले त्यांचे मित्र बापू मिस्त्री नुकतेच वारले होते. बापूंच्या मुलानं माळ्यावरचं न कापलेलं, मूळ चित्रण शोधून धैर्यशीलरावांच्या लेकीला, अन्वीला, भेट दिलं होतं. अन्वीनं ते मंगळवारी घरसाठ्यात चढवलं.

"मी बघितलेलं नाही हं पप्पा," ती म्हणाली. "रविवारी सगळ्यांबरोबरच बघायचं. गवे दिसतील ना त्यात?"

गवे! लग्नाला धैर्यशीलराव तीन तास उशिरा पोचले होते, ही गोष्ट जगजाहीर होती. राधानगरीला मांडव, नवरीकडची मंडळी ताटकळलेली, भटजी दोनदा चहा पिऊन तिसऱ्याची वाट बघत बसलेले, आणि नवरदेव बेपत्ता. का? तर पहाटे दाजीपूरच्या उगवाईचं दर्शन घेऊन परतताना रस्त्यात गवा आडवा आला. पहिल्या वर्षी तो एकच होता. पुढं चार झाले. अन्वीच्या शाळेपर्यंत कळप झाला, आणि अलीकडं सतरा गवे, त्यातला म्होरक्या पांढऱ्या पायांचा, नवरदेवाच्या मुंडावळ्या हुंगून बाजूला झाला, इथवर गोष्ट आली होती.

बुधवारी बायको देवळात गेलेली बघून धैर्यशीलरावांनी ते चित्रण एकट्यानं लावलं. बापूनं कॅमेरा बंदच केला नव्हता. पडद्यावर राधानगरीचा एस.टी. स्टँड होता. पणजीची लाल गाडी उभी होती. खिडकीत सव्वीस वर्षांचा एक हडकुळा पोरगा बसला होता. मुंडावळ्या सदऱ्याच्या खिशात कोंबलेल्या, मांडीवर पिशवी. बापूचा आवाज येत होता, "अरे उतर की मर्दा, पोरगी मांडवात बसलीय." पोरगा पिशवी घट्ट धरून समोर बघत बसला होता.

आपण का पळत होतो ते धैर्यशीलरावांना आजही धड सांगता आलं नसतं. भीती वाटली होती, एवढंच. पण पन्नास वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिला भर हॉलमध्ये, सोसायटीसमोर, हे दिसणार? मीनलला?

त्यांनी चित्रण बंद केलं आणि पुसायला घेतलं.

पहिला खोडा तिथंच. साठ्यातून एखादी गोष्ट कायमची काढायला घरातल्या दोन माणसांचे अंगठे लागत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका जोडप्यानं भांडणाच्या भरात पोराचं बारसं पुसून टाकल्यापासून सोसायटीनं हा नियम केला होता. दुसरा अंगठा मागायचा कुणाकडं? मग त्यांनी सरळ आपल्या पेटीतला तुकडा खरवडून काढला. पेटीवरचा हिरवा दिवा लाल झाला. धैर्यशीलराव समाधानानं जेवले, झोपले, उठले, आणि चहाचा कप घेऊन टीव्हीमागं डोकावले तर दिवा हिरवा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतली अख्खी चकती कोरी केली. संध्याकाळी हिरवा. तिसऱ्या दिवशी चकती काढून बादलीत बुडवली आणि दुकानातून नवी आणून बसवली. नवी, कोरी करकरीत, बापूच्या कॅमेऱ्याशी तिचा सात जन्मांत संबंध नाही. संध्याकाळी हिरवा. चौथ्या दिवशी त्यांनी पुसता पुसता पेटीला दोन शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी पुन्हा पुसून मदतकेंद्राला फोन लावला.

"नमस्कार. आपली तक्रार काय आहे?" पलीकडून गोड यंत्रवाणी आली.

"सर्व्हर बिघडत नाहीये."

"अभिनंदन. आपला साठा उत्तम स्थितीत आहे."

"तेच सांगतोय की! तो बिघडत का नाही?"

"आपण बंद करून चालू करून पाहिलंत का?"

"बाई, मी बुडवून पाहिला!"

"अभिनंदन," यंत्रवाणी म्हणाली आणि तिनं सेवेला पाचपैकी किती गुण द्याल ते विचारलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी नऊ नंबरची तबस्सुम मुजावर चहाला आली. शेजारसाठ्याची रचना तिचीच. अन्वीही त्याच धंद्यातली, पण तिचं काम तारांचं आणि जोडण्यांचं. साठवणीतलं खरं गणित तबस्सुमचं. धैर्यशीलरावांनी अगदी सहज, बिस्किट बुडवता बुडवता विषय काढला.

"तबस्सुम, समजा, हं, नुसतं समजा. एखाद्याच्या पेटीतला तुकडा गेला. मग तो परत येतो कुठून?"

"ताळ्यातून, काका."

"कसला ताळा?"

"शाळेत गणिताचा ताळा करत नव्हता का तुम्ही? उत्तर बरोबर आलं का ते पडताळायला?" तिनं डब्यातले लाडू ताटलीत काढायला सुरुवात केली. "समजा दहा घरांत लाडू ठेवले. कुणाकडं तीन, कुणाकडं पाच. अकराव्या घरात लाडू नाहीत, नुसती चिठ्ठी आहे, सगळे मिळून चाळीस. आता तुमच्या घरचे लाडू कुणी खाल्ले. किती होते ते कसं कळणार?"

"बाकीच्या नऊ घरांत मोजायचे आणि चाळिसातून वजा करायचे."

"झालं. चित्रफितीचे दहा तुकडे म्हणजे शेवटी आकडेच. एक गेला तर बाकीचे आणि ताळा मिळून तो पुन्हा मांडतात. जुना तुकडा सापडत नाही काका, तो नव्यानं काढला जातो. म्हणून कोऱ्या चकतीवर पण येतो. याला आम्ही सांधणी म्हणतो."

धैर्यशीलरावांचं बिस्किट कपात तुटून पडलं. "म्हणजे माझ्या घरची वस्तू माझ्या घरात नाहीच?"

"आहे की. पण ती इतर अकरा घरांच्या साक्षीत पण आहे," शेजारी बसलेली अन्वी हसली. "तुम्ही एकटे काय करणार?"

"आणि बाराव्या घरात?"

"तिथं दुसरा ताळा," तबस्सुम म्हणाली. "तो वेगळ्या रीतीनं केलेला. एका ताळ्यानं एक घर सांधतं, दोन ताळ्यांनी दोन. आपल्याकडं दिवाळीला दोन-दोन घरं पेट्या बंद करून गावी जातात, म्हणून मी दोन ठेवले."

"आणि तीन गेली तर?"

"तर कुणाच्या बापाला सांधता येत नाही," असं म्हणून तबस्सुमनं लाडू तोंडात टाकला. "पण तीन घरं एकदम कशाला जातील?"

धैर्यशीलरावांनी मान डोलावली. बऱ्याच दिवसांनी त्यांना चहा गोड लागला. तरी स्वभाव जातो कुठं. उरलेले तीन दिवसही ते आपली पेटी रोज सकाळी खरवडत राहिले, आणि ती रोज संध्याकाळी हिरवी होत राहिली. आता हा केवळ वैराचा भाग होता.

रविवारी सकाळी ते सातलाच उठले. आधी घरचा तुकडा पुसला. एक. मग पेपर वाचायच्या निमित्तानं सात नंबरमध्ये पोवार मास्तरांकडं गेले, सोफ्याच्या कोपऱ्यात बसले आणि अग्रलेख वाचता वाचता पायाच्या अंगठ्यानं पेटीचं बटण दाबलं. दोन. अकरा नंबरवाले पुण्याला लेकाकडं. त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायची किल्ली सरनोबतांकडंच. त्या दिवशी कुंड्यांना पाणी मिळालं आणि पेटीला विश्रांती. तीन.

अकरा वाजता हॉल भरला. मीनलकाकू हिरवी पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारची खुर्ची नवऱ्यासाठी धरून. अन्वीनं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. मधोमध पांढरी अक्षरं आली: तीन तुकडे अनुपलब्ध.

"असं कसं होईल?" अन्वीनं पुन्हा दाबलं. मग वायर काढून घातली. मग दुसरी वायर आणली. "पप्पा, तुम्ही काही केलंत का?"

"मी? मला त्यातलं काय कळतंय?"

तबस्सुम गुडघ्यावर बसून पेटीची नोंदवही पडद्याच्या कोपऱ्यात उघडू लागली. लोक चुळबुळायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ सरनोबत, पडदा राहू दे! तुम्हीच सांगा की गव्यांचं!"

याचीच तर ते वाट बघत होते. धैर्यशीलराव उठले, कोटाचं बटण लावलं, मिशीवरून हात फिरवला. अकरा दिवसांचा सगळा वैताग त्यांच्या आवाजात चढला आणि त्याचा चक्क उपयोग झाला.

"पहाटेचं धुकं," त्यांनी सुरुवात केली. "हाताला हात दिसत नाही. आणि त्या धुक्यात एक-दोन नव्हे, एकवीस गवे!"

"परवा सतरा होते," पोवार मास्तर म्हणाले.

"मास्तर, धुकं होतं म्हणतोय ना. जसजसं विरळ होईल तसतसे वाढणारच." हॉल हसला. "म्होरक्या पुढं आला. हे एवढं मस्तक! माझ्या मनात मात्र एकच, माझी मीनल मांडवात बसलीय—"

"विचित्रच आहे," त्यांच्या पाठीमागं तबस्सुम अन्वीशी बोलत होती. आवाज हळू, पण धैर्यशीलरावांचे कान तिखट. "सात आणि अकरा नुसते बंद आहेत, ते होईल. पण चार नंबरचा तुकडा बघ. बारा वेळा पुसला गेलाय. अकरा वेळा सांधला गेलाय."

"आपोआप सांधला जातो ना?"

"आपोआप कुठलं? सारखा ताळा करत बसलं तर विजेचं काय होईल? कुणी बघायला मागितलं, की तुकडा नाही हे पेटीला कळतं, आणि मगच ती सांधायला घेते. कुणी मागितलंच नसतं तर हा पहिल्या दिवसापासून पुसलेलाच राहिला असता." तिनं नोंदीवर बोट फिरवलं. "हे बघ. रोज दुपारी अडीच. चार नंबरच्याच टीव्हीवरून. रोज तेवढाच भाग, स्टँडवरचा."

"स्टँड कुठला?" अन्वी म्हणाली.

धैर्यशीलरावांचा हात हवेतच राहिला. दुपारी अडीचला चार नंबरमध्ये दोनच माणसं असत. त्यातलं एक आतल्या खोलीत घोरत असे.

त्यांनी पहिल्या रांगेकडं बघितलं. मीनलकाकू पदराच्या काठाशी चाळा करत त्यांच्याकडंच बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते त्यांना वाचता येईना, आणि नेमकं तेव्हाच मागून आरोळी आली, "मग? पुढं काय झालं?"

आता थांबणार कसं? अर्ध्या कळपात माणूस थांबतो का?

"मग," धैर्यशीलराव म्हणाले, आणि आवाज कसाबसा सावरत राहिले, "मग मी... त्या म्होरक्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, बाबा, मला जाऊ दे. आणि तो, तुम्हाला सांगतो, तांबड्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत, फुस्स करून—"

"ते ब्रेक होते हो," मीनलकाकू खुर्चीतूनच म्हणाल्या. आवाज अख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढा. "गवा कुठला? पणजीची एस.टी. होती ती. आणि तिच्यातनं तुम्ही आपल्या पायांनी उतरलात, बापूभावजींनी हातसुद्धा लावला नव्हता. तेवढं तरी खरं सांगा की लोकांना."