सॉर्टेक्सवाली

माझ्या स्टुलावर कुणीतरी बसलं होतं.

माझी लेक खुशी पाच महिन्यांची झाली, तेव्हा मी अकोल्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या डाळ मिलमध्ये परतले. तुरीचा हंगाम होता. सॉर्टेक्स म्हणजे डाळीतला डागी दाणा कॅमेऱ्यानं हेरून हवेच्या फुंकरीनं उडवणारं यंत्र. चार वर्षं ते मीच चालवलं होतं. आज त्याच्यासमोर एक सावळा, उंच पोरगा बसलेला. पापण्यांवर डाळीची पिवळी भुकटी.

"हे माही जागा हाये," मी म्हटलं.

तो दचकून उठला. "असन… पन मले तं डोमाजीभाऊनं बसवलं. मी कुंदन. तिवस्याचा."

तेवढ्यात आमचे मॅनेजर, डोमाजीभाऊ आलेच. "करिश्मा, आता लेकरू हाये तुले. हलकं काम कर. इंदूबाईसंग डाळ निवडत बस."

हलकं काम म्हणजे हलकी मजुरी, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही तेव्हा भांडले नाही. खुशीचा बाप ती पोटात असतानाच सुरतेला गेला आणि तिकडचाच झाला. फारकतीच्या कागदावर सही करून मी मोकळी झाले होते. घरी आई-बाबांचा भाजीचा मळा, तोही दुसऱ्याचा, ठोक्यानं म्हणजे वर्षाचे ठरावीक पैसे भरून केलेला. काम हवंच होतं. मी सूप उचललं.

दुपारी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मशीन चांगली डाळबी फेकून राहिली वो…"

"कॉम्प्रेसरचं पानी काढलं का?"

"पानी? हवेच्या मशीनीत पानी?"

मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी. मी उठले, खालचा नळ उघडला, पाणी फसफसत बाहेर आलं. मग कोरड्या सुती फडक्यानं आतली काच पुसली. डाळ सोन्यासारखी उतरू लागली. तो डाळीकडे पाहत नव्हता.

"तिकडे पाहा," मी म्हटलं.

"पाहूनच राहिलो ना…"

"मले ताई म्हनत जा."

"ते सोडून काईबी म्हनतो."

मग रोजच तो काही ना काही विचारायला यायचा. मी शिकवायची. दीड वाजता आई, तानुबाई, भाजीबाजारातून खुशीला घेऊन गेटवर यायची. मी भिंतीआड बसून तिला पाजायची. पहिल्या आठवड्यात दोन ट्रकवाले उगाच तिथे रेंगाळले. दुसऱ्या दिवसापासून कुंदन आमच्याकडे पाठ करून वाटेत उभा राहू लागला. "तिकडून जा भाऊ, इकडे काम सुरू हाये." एवढंच बोलायचा. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्या पाठीवर माझा कधी जीव जडला, मला कळलंच नाही…

एकदा त्यानं डबा उघडून डिंकाचा लाडू पुढे केला.

"मायनं पाठवले. मी सांगतलं का मिलमंधी एक बायंतीन हाये."

"अस्सं? आनखी काय सांगतलं मायले?"

"आनखी सांगाचं हाये…" त्याचे कान लाल झाले. "पोराबद्दल पहिले पुसून घ्या. घर, शेती, पगार…"

"बरं. पगार किती?"

"चौदा हजार."

लाडू माझ्या हातातच राहिला.

"मले नऊ होते," मी म्हटलं. "चार वर्षं. याच मशीनवर."

त्याचा चेहरा उतरला. "मले माईत नोतं, करिश्मा. उद्यापासून येत नाई मी. तुमची जागा तुमाले—"

"काहून? तुमी गेले तं डोमाजीभाऊ तिसरा आनतीन. त्यालेबी मीच शिकवू?" मी लाडू त्याच्या डब्यात परत ठेवला. "जाऊ नका. पन उद्यापासून माह्याकडे काईबी पुसाले येऊ नका."

तो विचारायला आला नाही. आठ दिवस. दीड वाजता मात्र ती पाठ तिथेच असायची.

नवव्या दिवशी अमरावतीच्या व्यापाऱ्याचा मोठा माल निघायचा होता आणि मशीन सगळीच डाळ एका बाजूला ओतू लागलं. कुंदननं पाणी काढलं, काच पुसली. जमेना. डोमाजीभाऊ धावत आमच्या रांगेत आले.

"करिश्मा, ऊठ. मशीन पाह्य जरा."

मी सूप खाली ठेवलं. "पाहीन. पन मशीनवाल्याच्या पगारावर. आन आजच्यापुरतं नाई."

"अवं, तुले लेकरू हाये! त्याले ताप आला का तू सुट्टी मांगशीन."

"एका दिवसाची मांगीन. चार वर्षांत किती मांगल्या, पाहा हजेरीत."

"मानसाले घर चालवा लागते, बाई."

"मी का जत्रेले येऊन राहिली इथं?"

रांगेतल्या बाया निवडायच्या थांबल्या. तेव्हा कुंदन स्टुलावरून उठला. मिलमध्ये आपला पगार दुसऱ्याला सांगायची मनाई होती; सांगितला तर घरी पाठवायचे.

"मले चौदा भेटते," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "इले नऊ होते. काम मले इनं शिकवलं. आता काय कराचं ते करा, डोमाजीभाऊ."

इंदूबाई हळूच म्हणाली, "मंग हमालाले रोजी किती, आन आमाले किती, तेबी सांगून टाका आता."

डोमाजीभाऊ शेठजींच्या केबिनमध्ये गेले. बाहेर ट्रक उभाच होता. अर्ध्या तासानं चिठ्ठी घेऊन आले: मशीन दोन पाळ्यांत चालणार, दिवसा करिश्मा, रात्री कुंदन, दोघांना चौदा. मी ती दोनदा वाचली, शेठजींची सही पाहिली, मगच मशीनचं झाकण उघडलं. एका कॅमेऱ्याची वायर उंदरानं कुरतडली होती; ती जोडली आणि ट्रक भरून निघाला. बायांच्या मजुरीचं मात्र "पाहू" एवढंच झालं. इंदूबाई अजून रोज विचारते. मीही तिच्यासोबत विचारते.

आता सकाळी आठला त्याची पाळी सुटायची, माझी लागायची. मध्ये दहा मिनिटं. मार्चमधल्या एका सकाळी तो जागरणानं लाल झालेले डोळे चोळत म्हणाला,

"मायले सांगतलं मी. का मले एक बाई आवडते… तिले पोट्टी हाये, आन ते माह्यापेक्षा हुशार हाये."

"मंग?"

"चार दिवस बोलली नाई. पाचव्या दिवशी फोन आला. म्हने, पोट्टीचं नाव काय?"

मी हसले. पण बोलायचं ते बोलले.

"मी काम सोडनार नाई, कुंदन. आनखी लेकरू झालं तरी नाई."

"सोडू नका. दिवसा मी घरीच राहीन. खुशी झोपली का मी झोपीन."

"आन नाई झोपली तं?"

"तं दोघंबी जागू." तो थांबला. "सांगा ना… करसान का माह्यासंग लगन?"

भोंगा वाजला. मी मशीनचं बटण दाबलं, डाळ खळखळत उतरू लागली.

"हाव," मी म्हटलं.

त्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं. म्हणून पुन्हा म्हटलं, चांगलं मोठ्यानं. निवडणाऱ्या साऱ्या बाया वळून पाहू लागल्या, आणि मी नजर खाली घातली नाही.