काळ्या पडद्यावरचा आवाज

तो दुकानात आला तो आजीची तुटकी कवळी रुमालात बांधून.

“कुत्र्यानं चावली,” तो ओशाळून म्हणाला.

“कवळीनं कुत्र्याला नाही ना चावलं? मग बसा.”

तो इतका मोकळा हसला की मी त्याचे दातच बघत राहिले. आमचा धंदाच तो. बाबा कवळ्या बनवायचे, मी त्यांच्या हाताखाली.

फळीवर मांडलेले प्लॅस्टरचे जबडे पाहून त्याचे डोळे चमकले. “मी माहितीपट करतो. इथे शूटिंग करू?”

“ते कोण बघतं? शाळेत डुलकी काढायला बरे असायचे.”

“आता हाउसफुल्ल जातात. महोत्सवात लोक पायऱ्यांवर बसून बघतात. खोट्याचा कंटाळा आलाय सगळ्यांना.”

“आणि तुम्ही खोट्या दातांवर काढणार!”

मग तो रोजच यायला लागला. आल्या आल्या माझ्या कॉलरला इवलासा माईक लावायचा... आणि मी नेमकी तेव्हाच लाल व्हायची.

“श्वास रोखू नकोस,” तो पुटपुटायचा. “तोही ऐकू येतो मला.”

“मग कान बंद कर ना!”

बाबांना सगळं दिसत होतं. ते मिशीत हसायचे आणि कॅमेऱ्यासमोर ऐटीत दात बसवायचे. इतके खुशीत मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

एका दुपारी बाबा जेवायला गेले. त्यानं कॅमेरा बंद केला, माझ्याबरोबर कप विसळायला लागला. आणि जे सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं, ते मी त्याला सांगून बसले.

“बाबांचा हात थरथरतो रे. त्यांची एकही कवळी आता नीट बसत नाही. ते घरी गेले की मी ती मोडते, नवी करते. त्यांना वाटतं, हात अजून तसाच आहे... कळलं ना, तर उमेदच सोडतील.”

तो माझा ओला हात हातात घेऊन उभा राहिला. मला वाटलं, प्रेम ते हेच. खरंच हेच होतं, आजही तसंच वाटतं.

पण सिनेमावाल्यांच्या कामात आधी कॅमेरा बंद होतो, माईक निघतो सगळ्यात शेवटी. त्या दिवशी माझा चालू माईक काढायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. रात्री त्यानं रेकॉर्डिंग ऐकलं. पुसलं नाही, आणि मला सांगितलंही नाही.

महोत्सवाला ही गर्दी! बाबा इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत. सिनेमा संपता संपता पडदा काळा झाला... आणि त्या काळोखात माझा आवाज आला. “बाबांचा हात थरथरतो रे...”

अख्खं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. बाबा तेवढे बसून होते. एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून.

बाहेर तो मला शोधत आला, हातात बक्षीस.

“विचारणार होतो गं. पण तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणून विचारलं नाहीस.”

“तुझ्या आवाजाशिवाय सिनेमाच उरत नव्हता. त्यात केवढी माया आहे, तुला कळत नाहीये! माझं तुझ्यावर—”

“माहितीये. माझंही आहे. म्हणून तर तुझ्यापाशी बोलले.”

त्यानं हात पुढे केला. नुसता राग आला असता तर किती सोपं झालं असतं! त्याच्या कुशीत शिरून रडावंसं वाटत होतं, आणि रडवलंही त्यानंच होतं.

“पुन्हा दुकानात येऊ नकोस,” मी म्हणाले. तो खरंच आला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नेहमीसारखं दुकान उघडलं. टेबल पुसलं, हत्यारं ओळीनं मांडली, ती माझ्या बाजूला. मग ते गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले.

“बाबा, ही कालची कवळी अर्धी राहिलीय तुमची...”

“तू कर,” ते म्हणाले. “मी बघतो.”