गुलाबासाठी सोडलेली जागा

दार लावून घ्या रे, नदीवरचा वारा आत येतोय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये कुणी खिदळलं तर मी सरळ उठून घरी जाईन. ही बारेंतची हकीकत आहे. बारेंत चित्रकार होता, चित्रं विकणाऱ्या फ्लोरिसकडे काम करायचा. त्या दुकानातल्या चित्रांच्या चौकटी मी करून द्यायचो, त्यामुळे आमची रोजची ओळख. जे सांगतोय ते त्यानं मला स्वतः सांगितलं, आणि शेवटचं तर मी या डोळ्यांनी पाहिलं.

साल सोळाशे चोपन्न. फेब्रुवारीची सतरा तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरआधीचे उपवास, म्हणून आदल्या रात्री खाऊन घ्यायची जुनी रीत. आपले पाद्री या रीतीविरुद्ध कितीही ओरडोत, हार्लेमच्या घराघरात पॅनकेक तळले जात होते. बारेंतही चार खाऊन, वर बिअर पिऊन निघाला. काम साधं होतं. फ्लोरिसची वहिनी हिलेगोंड डिसेंबरात वारली होती. तिचं शेवटचं चित्र रातोरात पुरं करायचं आणि सकाळच्या बोटीनं ॲमस्टरडॅमला धाडायचं.

हिलेगोंड फुलं रंगवायची. बाई महाहट्टी. तुम्ही सगळे चित्रकार नमुन्याचे कागद समोर ठेवून भर थंडीत गुलाब काढता, ती काढायची नाही. खरं फूल समोर असेल तरच ब्रश उचलायची. ट्यूलिप एप्रिलात, गुलाब जूनमध्ये, तोवर तेवढी जागा कोरी. एका फुलदाणीला वर्ष लागायचं. लोक हसायचे. मीही हसलो होतो, त्याची आज लाज वाटते. तर त्या शेवटच्या चित्रात गुलाबाची जागा कोरीच राहिली होती.

दार तिच्या मुलीनं उघडलं. लाइस्बेत, वीस वर्षांची, आईच्याच वळणाची.

"फ्लोरिसकाकांनी पाठवलंय ना? चित्र घराबाहेर जाणार नाही. काय करायचं ते इथं करा, माझ्यादेखत."

"अगं, एक गुलाब तर घालायचाय. आणि..." बारेंत अडखळला.

"आणि आईचं नाव खरवडायचंय. सांगा की! लाज वाटते?"

"बाईच्या नावाला भाव येत नाही, पोरी. तिथं कुणा मोठ्या चित्रकाराचं नाव पडेल. मी हुकमाचा ताबेदार."

"ज्याचं नाव घालणार त्यानं हे चित्र बघितलंय तरी का? आणि बारेंतकाका, तुमचं स्वतःचं नाव असलेलं एक तरी चित्र आहे का या गावात?"

बारेंत रंगपेटी उघडू लागला. त्याची चित्रं नेहमी दुसऱ्याच कुणा मोठ्याच्या नावानं खपायची, हे पोरीलाही ठाऊक होतं. पण तिच्या हातात काय होतं? बाप आधीच गेलेला, वय पंचविशीच्या आत, म्हणून कायद्यानं तिचा पालक फ्लोरिस, आणि चित्रावर हक्कही त्याचाच. ती खुर्ची ओढून समोर बसली, एवढंच.

नऊला त्यानं सुरुवात केली. पहारेकरी दहाची आरोळी देऊन गेला तेव्हा गुलाब झाला होता. झकास जमला होता, त्याचा हातच तसा होता. ब्रश पुसायला तो वळला. परत पाहिलं तर... नुसता देठ.

पाकळ्या खाली पडल्या होत्या. चित्रातल्या टेबलावर. रंगवलेल्या. प्रत्येकीला तिची सावलीसुद्धा होती.

बारेंतला वाटलं, बिअर चढली. सगळं पुसून त्यानं दुसरा गुलाब काढला. साडेअकरा झाले. तो त्याच्या डोळ्यांदेखत गळला. एक पाकळी. मग दुसरी...

"लाइस्बेत, तू पाहिलंस?"

"पाहिलं. न पाहिलेलं फूल आईच्या चित्रात टिकायचं नाही." खुर्ची तिनं सोडली नाही.

बारेंतला आता राग आला. गुलाब राहू दे, आधी नाव खरवडतो, म्हणाला. सुरी घेतली. हिलेगोंडच्या पहिल्या वळणदार अक्षरावर पातं टेकवलं.

आणि वरच्या खोलीत आवाज सुरू झाला.

घर्र... घर्र... दगडावर दगड. रंग वाटल्याचा.

"वर कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग रंगाचा पाटा कोण..."

"पाटा तर फ्लोरिसकाकांनी नाताळातच विकला."

घर्र... घर्र...

थांबला.

जिन्यावर पाऊल वाजलं. एक. मग आणखी एक. रंगात कालवायच्या जवसाच्या तेलाचा वास आला. दार उघडलं नाही. मेणबत्ती हलली नाही. पण बारेंतच्या पाठीशी कुणीतरी उभं होतं. त्याच्या हाताकडे बघत होतं.

...

लाइस्बेत उठली. त्याच्या खांद्यामागे बघत म्हणाली, "आई, मी खरवडू देणार नाही."

बारेंतनं हळूच सुरी खाली ठेवली. उजाडेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले.

सहाला फ्लोरिस आला. "झालं का? बोट सुटेल!"

बारेंत दारात आडवा उभा राहिला. "नाही झालं. होणारही नाही. हे चित्र जाईल तर तिच्या नावानं, कोऱ्या जागेसकट."

"डोकं फिरलं का तुझं? आजपासून माझ्याकडे काम बंद."

"बंद तर बंद."

"भीक मागत फिरशील!"

"फिरेन. माझ्या नावानं मागेन."

शाबास रे बारेंत! अजून आठवलं की माझी छाती फुगते. बातमी गावभर झाली, मग त्या चित्राला हात लावायला दुसरा कुणी चित्रकार तयार होईना. ते आजही लाइस्बेतच्या भिंतीवर आहे.

तर त्या सकाळी फ्लोरिस तणतणत दुकानावर आला. मी चौकटी घेऊन पायरीवर उभा होतो. कुलूप त्यानं माझ्यासमोर काढलं. किल्ली एकच, ती रात्रभर त्याच्या कमरेला. आत विक्रीला लावलेली बारेंतची चौदा चित्रं होती. आदल्या दिवशी त्यांच्यावर चार मोठ्या चित्रकारांची नावं मीच वाचली होती.

त्यातलं एकही नाव उरलं नव्हतं. चौदाही कोपऱ्यांत एकच नाव होतं, बारेंत लुबर्ट्स. अक्षर त्याचं नव्हतं. इतकं वळणदार त्याला कधी आलंच नाही.

फ्लोरिस बाहीनं पुसायला धावला. मी जवळच्या चित्राला बोट लावून पाहिलं.

रंग ओला होता.